वाटून दिलेली लस

लातूरकडच्या कुठल्याही लग्नात गेलं की जेवताना कुणीतरी विचारतंच, "तुम्ही विषाणूवर काम करता म्हणं. कोरोनाची लस तुम्हीच काढली काय?" मी नाही म्हणते. मग नेमकं काय करता, असं विचारलं की मी खरं ते सांगते: गायी-बैलांच्या घशातली लाळ खरवडते. त्यानंतर शेजारच्या बाई आपली खुर्ची थोडी पलीकडे सरकवतात आणि मला निवांत जेवता येतं.

पण काम खरोखर तेच आहे. आमच्या भागात लाळ्या-खुरकूत सगळ्यांना ठाऊक आहे. जनावराच्या तोंडात फोड येतात, खुरांत जखमा होतात, लाळेच्या तारा लोंबतात. दोन-तीन आठवड्यांनी जनावर कडबा खायला लागतं आणि घरधनी म्हणतो, सुटलं. जनावर सुटतं, विषाणू मात्र जातोच असं नाही. बऱ्याच जनावरांच्या घशात तो मागच्या बाजूला बसून राहतो, महिनोन्महिने, कधी वर्षं. लग्न उरकून मांडव निघाला तरी न गेलेल्या पाहुण्यासारखा. ताप नाही, फोड नाही, दूधही कमी नाही. तो तिथं का राहतो, आणि लस दिली तर त्याला बसायला जागा मिळते की नाही, या एवढ्याशा प्रश्नावर माझी सगळी नोकरी खर्ची पडली. लांब दांड्याची एक छोटी वाटी असते. ती जनावराच्या घशात घालून खरवडायची, आलेलं बाटलीत भरायचं आणि नायट्रोजनच्या टाकीत गोठवून नांदेडला आणायचं. वाचायला सोपं आहे. माझ्या डाव्या हाताचं कोपर दोनदा निखळलंय, दोन्ही वेळा देवणी गाईनं.

उत्तर काय निघालं, तेही सांगून टाकते. लस रोग थांबवते. पण लस घेतलेल्या जनावराच्या घशातही विषाणू मुक्काम करू शकतो. ही काही टाळ्या घेणारी बातमी नाही, आणि ती हाती यायला जितकी वर्षं लागायला हवी होती त्याहून जास्त लागली. त्याचं कारण माझे वडील.

आमचं मूळ गाव कंधार तालुक्यात, पण दादांची सगळी नोकरी देवणीच्या बाजूला गेली. वडिलांना आम्ही दादाच म्हणायचो. सरकारी कागदावर ते व्रणोपचारक होते, म्हणजे जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारे. गावाच्या तोंडी ते कंपाउंडर. डॉक्टरांच्या बदल्या होत राहिल्या, कंपाउंडर तिथंच राहिले. तीसेक वर्षांत तिथल्या खेड्यांमधलं एकही दावं त्यांच्या हाताखालून गेलं नसेल असं नव्हतं. काळ्या तोंडाची वानेरा गाय कुणाची, काळ्या ठिपक्यांचा शेवरा खोंड कुणाचा, कुणाची म्हैस लाथ मारते, सगळं त्यांना पाठ. निवृत्तीनंतरही माणसं दारात येऊन बसायची.

त्यांच्या लहानपणी या भागात एक रीत होती. गल्लीत एका जनावराला लाळ्या झाला, की त्याची लाळ फडक्यावर घ्यायची आणि तेच फडकं सगळ्या दावणींतून फिरवत प्रत्येक जनावराच्या तोंडाला पुसायचं. सगळ्यांना एकदाच होऊन जाऊ द्या, म्हणजे पेरणीच्या ऐन वेळी एकाचा बैल उभा आणि एकाचा आडवा असं नको. दादांनी सरकारी नोकरीत ही रीत मोडून काढण्यासाठी लोकांशी भांडणं केली. शास्त्र त्यांना कळत होतं. पण सगळ्या गल्लीचं एकदाच आणि सारखं व्हावं, ही त्या रीतीतली अर्धी गोष्ट त्यांच्या अंगातून कधी गेली नाही. हे मला फार उशिरा कळलं.

बारा वर्षांपूर्वी मला हवा होता तो अभ्यास मंजूर झाला. नवी लस होती, जास्त दिवस टिकणारी. देवणी तालुक्यातली तीन गावं निवडली. प्रत्येक गावात घरांच्या चिठ्ठ्या काढायच्या. ज्यांची चिठ्ठी निघेल त्यांच्या जनावरांना नवी लस, बाकीच्यांना सहा महिन्यांनी येणाऱ्या फेरीत नेहमीची. मधल्या काळात रोग आलाच, तर दोन्हीकडच्या जनावरांचे घसे तपासून ताडून बघायचं. अर्धी घरं लसीची आणि अर्धी बिनलसीची असतील तरच ते जमणार होतं.

टोचणीला माणूस कोण नेमायचा यावर माझे वरिष्ठ म्हणाले होते, "घरचं माणूस नको घेऊ." मी ऐकलं नाही. परक्या माणसाला तिथं कुणी गाईच्या शेपटीला हात लावू देत नाही, असं मी त्यांना ऐकवलं, आणि ते खरंच होतं. पण त्याहून खरं हे की निवृत्त झाल्यापासून दादा ओसरीवर बसून सुकत चालले होते, आणि लेकीच्या संशोधनात आपणही आहोत हे सांगताना त्यांचा चेहरा मला बघायचा होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तिन्ही गावांत देवळाच्या पारावर चिठ्ठ्या निघाल्या. मी अर्धा तास समजावून सांगितलं, लोकांनी माना हलवल्या, पुरुषांनी सह्या नि अंगठे दिले. दादा शेजारी उभे होते. बाटल्यांची बर्फाची पेटी त्यांच्या हवाली करून मी नांदेडला परत आले.

महिन्याभरानं रक्ताचे नमुने आले. रक्त दोन गोष्टी सांगतं. जनावराच्या अंगात या विषाणूशी लढायची ताकद तयार झाली आहे का, ही पहिली. ती रोग होऊन आली की लसीनं, ही दुसरी. विषाणू अंगात वाढतो तेव्हा काही खुणा मागे सोडतो, लस त्या सोडत नाही. बिनलसीच्या घरांच्या रक्ततपासणीच्या पट्ट्या मी यंत्रातून काढल्या आणि बघत राहिले. ताकद होती, थोडीशी. रोगाच्या खुणा नव्हत्या. मग लसीच्या घरांच्या पट्ट्या काढल्या. तिथं जेवढी हवी तेवढी नव्हती. दोन्हीकडचे आकडे जवळजवळ सारखे.

मी रसायनं बदलून पुन्हा केलं. मग यंत्राला दोष दिला. मग माझ्या सहकारी बाईंवर विनाकारण ओरडले. तिसऱ्यांदा तेच आल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "मॅडम, रक्त बरोबर आहे." ते मलाही केव्हाच कळलं होतं. एका घरची लस दोन घरांत गेली होती.

दुसऱ्या दिवशी कंधार, मुखेड, उदगीर करत देवणीला पोचले. दादा मागच्या अंगणात जुन्या सुया उकळत बसले होते. आता कुणी वापरत नाही त्या सुया, पण त्यांना त्या स्वच्छ लागतात. मी उभ्या उभ्याच विचारलं.

"हाव. दिली," ते म्हणाले. "अर्धी-अर्धी करून दिली."

"कामून?"

"एका भिंतीला दोन दावणी हायेत, माय. हिकडल्या गाईला टोचायचं आन् तिकडल्या गाईकडं पाठ करायची? ती बाई दारात उभी राहून बघून राहिली. म्हणली, आमच्या जनावराला कामून न्हाई? काय सांगू तिला? तुमची चिठ्ठी निघाली न्हाई म्हणून तुमची गाय मेली तर मरू द्या?"

"मी तुम्हाला समजावून सांगितलं होतं."

"सांगितलं व्हतं. समदं समजलं व्हतं मला. पण तू नांदेडला असतीस. दारात मी व्हतो."

याच्यावर मी काय बोलले ते लिहायची मला लाज वाटते. मंजुरीसाठी सहा वर्षं खपले, ते सगळं मुसळ केरात गेलं, हे तर म्हणालेच. तीस वर्षं मलमपट्टी करणाऱ्याला संशोधन काय कळणार, असंही म्हणाले. दादांनी चूल विझवली. "थोडी कमी दिली तर थोडं कमी काम करंल, असं वाटलं मला," एवढंच बोलले.

नांदेडला आल्यावर वरिष्ठांनी दार लावून घेतलं आणि समजुतीच्या सुरात सांगितलं, की नमुने वाटेत खराब झाले असं लिहिता येईल, पुढच्या वर्षी नवी गावं घेता येतील. कुणाला कळलं नसतं. माझा अभ्यास वाचला असता आणि दादांचं नाव कुठंही आलं नसतं. आपलेच दात, आपलेच ओठ. मी दोन दिवस अहवालाचा कागद कोराच ठेवला. खरं सांगायचं तर मोह झाला होता, आणि तो दादांसाठी कमी, माझ्यासाठी जास्त होता.

तिसऱ्या दिवशी दादांचा फोन आला. आईनं लावून दिला असणार, कारण त्यांना फोन लावायचा कंटाळा. "माझं नाव घालून लिही," म्हणाले. "चुकी माझी हाय, ती तुझ्या नावावर नको."

मी लिहिलं. लस विभागून दिली गेली, देणारे माझे वडील, त्यांना नेमलं मी. अभ्यास थांबला. उरलेल्या बाटल्या परत मागवल्या. या घरांना पूर्ण डोस तरी द्या, असा मी अर्ज केला. तो या टेबलावरून त्या टेबलावर जात राहिला. मला नमुने उतरवून घेण्याच्या कामावर बसवलं. रोज सकाळी दुसऱ्यांच्या बाटल्यांवर नंबर टाकायचे. दिवाळीला घरी गेले तेव्हा दादांशी मी आईमार्फत बोलत होते. "त्यांना म्हणावं जेवण वाढलंय."

कागदात सगळं खरं गेलं होतं. गावात मात्र कुणालाच काही सांगितलेलं नव्हतं. दादांनी सांगितलं नाही, कारण त्यांना रोज त्याच गावांत तोंड दाखवायचं होतं. मी सांगितलं नाही, कारण मी रुसले होते. इतकं साधं आणि इतकं वाईट कारण होतं. तिन्ही गावांतली माणसं समजत होती की त्यांच्या जनावरांना पुरी लस मिळाली आहे.

संक्रांतीच्या सुमारास बाजारातून लाळ्या आला. लस आहे म्हणून लोकांनी जनावरं नेहमीसारखी पाणवठ्यावर सोडली, बाजारातही नेली. आठवड्याभरात लसीच्या घरांतही लाळेच्या तारा लोंबायला लागल्या. काही जनावरं अर्ध्या डोसावर तगली, बरीच तगली नाहीत. माझा अर्ज मंजूर झाल्याचं पत्र त्याच आठवड्यात आलं.

दादांनी या वेळी स्वतः फोन लावला. "तू ये. घरोघर जायचंय. मला एकट्याला व्हईना."

मी गेले. पोटॅशचं जांभळं पाणी बादलीत घेऊन आम्ही पहिल्या गावात शिरलो. दादा प्रत्येक घरी आधी जनावराचं तोंड धुवायचे, खुरं धुवायचे, मग घरधन्यासमोर उभे राहून सांगायचे: तुमची लस मी अर्धी केली, म्हणून हे झालं. मला वाटलं होतं लोक शिव्या देतील. कुणी दिल्या नाहीत. एक जण म्हणाला, "कंपाउंडरसाब, जाऊ द्या. तुम्ही पाणी टोचलं असतं तरी आमी तुमालाच बोलिवलं असतं." दुसऱ्यानं तर उलट आभार मानले, त्याची चिठ्ठी निघालेलीच नव्हती, आणि दादांनी दिलेल्या अर्ध्या लसीवर त्याचे दोन्ही बैल धडधाकट उभे होते. प्रत्येक घरातून बाहेर पडताना दादा थोडे ताठ व्हायचे. चौथ्या-पाचव्या घरानंतर मला रागच यायला लागला. इतकी माफी इतक्या स्वस्तात मिळू नये असं वाटत होतं.

तिसऱ्या गावात गल्लीच्या टोकाला एका विधवा बाईचं घर होतं. वय माझ्याएवढं. एक वानेरा गाय, तिच्या दुधावर घर, आणि गाईची तीन महिन्यांची पाडी. चिठ्ठ्यांमध्ये या बाईचं घर लसीत निघालं होतं. आम्ही पोचलो तेव्हा पाडी आदल्या दिवशी गेली होती. लहान वासरांच्या काळजावरच हा रोग जातो. फोड दिसायच्या आधीच, दूध पिता पिता वासरू कोसळतं. गाय तोंडातून तारा गाळत, पाडीच्या रिकाम्या खुंट्याकडं बघत उभी होती.

दादांनी गाईचं तोंड धुतलं. बराच वेळ लावला. मग उठून सांगितलं.

बाईनं ऐकून घेतलं. तिला पटकन कळलं. इतरांपेक्षा फार लवकर कळलं. "म्हंजी माझी चिठ्ठी निघाली व्हती," ती म्हणाली. "पुरी लस माझ्या गाईची व्हती. त्यातली अर्धी तुमी शेजारी दिली."

"हाव, माय."

"त्यांची बी गाय आडवी पडलीय."

"हाव."

ती पदरानं हात पुसत राहिली. मग म्हणाली, "कंपाउंडर मामा, तुमी मला म्हणला असता की बाई, शेजारणीला अर्धी देऊ का, तर मी दिली असती. घरात आलेलं कदी एकटीनं खाल्लं न्हाई मी. पण तुमी इचारलं न्हाई."

ते बोलणं खरं म्हणजे मलाच लागू होतं. पारावर अर्धा तास बोलले होते मी. सह्या घेतल्या त्या पुरुषांच्या. ही बाई देवळाच्या पायरीशी मागं उभी होती, तिच्या दिराचा अंगठा मी तिच्या घरापुढं घेतला होता. गाय कुणाची, धारा कोण काढतं, हे मी विचारलंच नव्हतं. मला घरांची संख्या हवी होती.

आम्ही जीपनं परत निघालो. देवणीजवळ आल्यावर दादा म्हणाले, "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं." मला रडू आलं. दिवाळीपासून पहिल्यांदा मी त्यांच्याशी सरळ बोलले. म्हटलं, "दादा, दोघांचं आहे हे."

पुढं चार वर्षांनी मला पुन्हा अभ्यास मिळाला. या वेळी मी घरांच्या चिठ्ठ्या काढल्या नाहीत, गावांच्या काढल्या. लस द्यायची तर अख्ख्या गावाला, थांबायचं तर अख्ख्या गावानं, आणि रोग आला तर थांबलेल्या गावाला त्याच दिवशी लस, बाटल्या आधीच तालुक्याला आणून ठेवलेल्या. वरिष्ठ म्हणाले, यात खर्च जास्त आणि आकडे ढोबळ. मी म्हटलं, आकडे ढोबळ येतील पण खरे येतील. त्या माणसांना एका भिंतीच्या दोन बाजूंना वेगळं वागवता येत नाही, आणि त्यांनी ते शिकावं अशी माझी इच्छाही नाही. ज्या प्रश्नाचं उत्तर मी सुरुवातीला सांगितलं, ते याच अभ्यासातून आलं.

टोचणीला दादा नव्हते. हात थरथरायला लागला होता. पण घरोघर विचारायला जायचं काम त्यांनी मागून घेतलं. घरात जनावराचं जो करतो त्यालाच विचारायचं, बाई करत असेल तर बाईला, आणि पुरुष मध्ये बोलायला लागला तर त्याला पाणी आणायला पाठवायचं, अशी त्यांनी स्वतःची रीत पाडली होती. त्या विधवा बाईचं गाव या वेळी लसीत निघालं. तिच्या घरी ते एकटेच गेले. मी येते म्हटलं तर म्हणाले, तू नको.

मी पारावर नोंदवही घेऊन बसले. तासाभरानं ते काठी टेकत आले. माझ्या शेजारी बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"काय म्हणाली?"

"न्हाई म्हणली."

मला धक्का बसला, थोडा रागही आला. लस चांगली होती, फुकट होती, आणि अख्ख्या गावात तीच एक नाही म्हणत होती. सगळं गाव घ्यायचं होतं, एक दावण सुटली तर हिशेब अडतो. "तुम्ही नीट सांगितलं का? पुन्हा एकदा जाऊन सांगा ना."

"सांगितलं की. समदं सांगितलं. पाडी कशी गेली ते बी काढलं. इचार करायला वेळ दिला. मग म्हणली, न्हाई द्यायची." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दुखावलेला माणूस दिसावा तसे ते दिसत नव्हते. कित्येक वर्षांत मी त्यांचा चेहरा इतका सैल पाहिला नव्हता. "दुसऱ्यांदा जायचं न्हाई. इचारायचं म्हंजी न्हाई ऐकायची तयारी ठिवायची."

मी नोंदवही उघडली आणि तिच्या घरासमोर लिहिलं, नकार. दादांनी खिशातून चष्मा काढला, डोळ्यांना लावला आणि माझ्या खांद्यावरून वाकून वाचलं.

"नाव पुरं लिही तिचं," ते म्हणाले. "दिराचं नगं. तिनं सोताच्या तोंडानं सांगितलंय."